दूध आटवताना

तिसऱ्या रात्री गाऊन ओला झाला तेव्हा मला वाटलं, टाके उसवले. वॉर्डातले मोठे दिवे बंद होते. पोटावरून हात फिरवला, पट्टी कोरडी होती. ओल वर होती, छातीवर, दोन्ही बाजूंना. पडद्यापलीकडं कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि त्याचा आवाज चढेल तशी माझ्या गाऊनवरची ओल पसरत होती. माझी मुलगी जाऊन तेव्हा एकवीस तास झाले होते.

असं होणार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सात महिने मी हाताला लागेल ते वाचत होते. कुठल्या महिन्यात काय खावं, कुठल्या कुशीवर झोपावं, दूध यावं म्हणून काय करावं, आलेलं वाढावं म्हणून काय करावं. बाळ नसताना येणाऱ्या दुधाबद्दल त्यात काही असेलही. असलं तर ते पान मी उलटून पुढं गेले असणार. गरोदर बाई तसली पानं वाचत नाही.

मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली. माझं बीपी चढत गेलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, आणि डॉक्टर म्हणाल्या की आता थांबलो तर दोघींच्याही जिवाला धोका आहे. सिझेरियन झालं. अकराशे ग्रॅम. तिच्या पायाला कागदी पट्टी होती, तिच्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढं माझं नाव. आमच्याकडं बारसं बाराव्या दिवशी. ती दोन दिवस होती, तेही दोन तास कमी.

त्या दोन दिवसांत माझं आणि तिचं नातं एका वाटीएवढं होतं. पहिल्या संध्याकाळी एनआयसीयूतली, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली, सिस्टर स्टीलची छोटी वाटी घेऊन आली आणि म्हणाली, “चीक काढू या ताई. थेंब निघाला तरी चालेल. तिच्यासाठी ते औषध आहे.” मी अर्धा तास दाबत होते. निघाला तो पिवळा, चिकट, थिजत आलेल्या तुपासारखा, आणि सगळा मिळून दीड मिलिलिटर. सिस्टरनं तो वाटीच्या कडेवरून निपटून सिरिंजमध्ये ओढला आणि नळीतून मुलीच्या पोटात सोडला. दुसऱ्या दिवशी आणखी तीनदा. एकूण सहा-सात मिलिलिटर गेला असेल. चहाचा दीड चमचा. मी तिला जे काही दिलं, ते एवढं मोजता येतं.

आता कळतं की यात शरीराची काही चूक नव्हती. पोटुशी बाईच्या अंगात सोळाव्या आठवड्याच्या सुमारालाच दुधाची तयारी सुरू झालेली असते. वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक ते दूध थोपवून धरतं. वार पडली की ते झपाट्यानं उतरतं, दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं आणि दोन ते चार दिवसांत छाती भरून येते. शरीराला निरोप पोचतो तो वार पडल्याचा. बाळ आहे की गेलं, हे त्या निरोपात नसतं. म्हणून पाचव्या महिन्यात मूल गेलेल्या बाईलाही दूध येऊ शकतं. तिच्या तर ध्यानीमनीही नसतं. तिला कुणी बाळंतीण म्हणतही नाही.

पाचव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर टाक्यांबद्दल लिहिलं होतं, बीपीच्या गोळ्यांच्या वेळा होत्या, जड उचलायचं नाही असं होतं. दुधाबद्दल एक अक्षर नव्हतं. कार्ड छापील होतं आणि ‘स्तनपान’ या शब्दापुढचा रकाना कुणीतरी पेनानं आडवी रेघ मारून बंद केला होता. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. रेघ मारणाऱ्या माणसाला मला त्रास होऊ नये असंच वाटलं असेल. पण ती रेघ मारताना त्याला दूध आठवलं होतं, आणि तरी तो त्याबद्दल बोलला नाही.

माहेर कराडजवळ, कृष्णेच्या काठाला. आम्ही पोचलो तेव्हा आईनं फडताळातला खालचा कप्पा रिकामा केलेला होता. तिनं बोलून दाखवलं नाही, पण त्या कप्प्यात काय होतं ते मला माहीत होतं, कारण सहाव्या महिन्यात आलेले असताना यादी मीच लिहून दिली होती. डिंक, खारीक, अळीव, मेथी, खसखस, बाळंतशेपा, सुंठ, शतावरीचा डबा. बाईच्या अंगावर दूध उतरावं म्हणून आपल्या घरांत किती पदार्थ आहेत! अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीची पेज, जेवणानंतर बाळंतशेपा. थोरल्या बहिणीच्या वेळी आई पहाटे चारला उठून लाडू वळायची. आणि उलटं करायचं असेल तर? त्यासाठी एकही पदार्थ नाही. आमच्या भाषेतही बघा, ‘पान्हा फुटला’ म्हणायला केवढा उमाळा असतो. ‘दूध आटवलं’ म्हटलं की डोळ्यांपुढं बासुंदी येते, नाहीतर कोजागिरीची कढई. बाईचं दूध आटवायचं म्हटलं की सगळे आवाज खाली येतात.

गुरुजींना फोन केला होता. ते म्हणाले, इतक्या लहान बाळाचं सुतक धरायचं नाही, सोयर मात्र दहा दिवस. म्हणजे घरात मृत्यू झाला नव्हता, जन्म मात्र झाला होता. शास्त्राचं आणि माझ्या छातीचं या बाबतीत एकमत होतं.

त्या रात्री दुखायला लागलं. ज्या बाईला कधी गच्च दूध भरलेलं नाही तिला हे दुखणं कसं सांगावं? कातडी ताणून चकाकायला लागते, निळ्या शिरा वर येतात, हात खाली सोडता येत नाहीत कारण काखेतसुद्धा गाठी असतात. कुशीवर वळता येत नाही. पदर घासला तरी डोळ्यांत पाणी येतं. पोटाला टाके, वर हे. पालथं पडून रडावं म्हटलं तर तेही जमत नाही.

आत्या मदतीला आलेली. तिची माया खरी आणि हात जड. तिनं पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, पंचा बुडवला, पिळला आणि माझ्या छातीवर ठेवला. “शेकलं की मोकळं होतं. सगळं काढून टाकू, म्हणजे सुटशील.” गरम पंच्याखाली क्षणभर स्वर्ग वाटला. मग तिनं दाबून दाबून वाटीभर दूध काढलं. खरंच हलकं वाटलं, मी दोन तास झोपले. उठले ती आधीपेक्षा भरलेली. पहाटे तिनं पुन्हा शेकलं, पुन्हा काढलं. सकाळी नऊपर्यंत मी पुन्हा दगड. मग तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छाती करकचून आवळली. श्वास पुरेना, आणि एका बाजूला लाल चट्टा दिसायला लागला.

आप्पा या विषयावर माझ्याशी बोलणं शक्यच नव्हतं. हॉस्पिटलातून आल्यापासून ते माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायचे, “जेवलीस का?” विचारायचे आणि परत फिरायचे. मुलीला नदीकाठी नेलं ते त्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं. दात न आलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, माती देतात. खड्डा आप्पांनी स्वतः काढला, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तर सहाव्या दिवशी संध्याकाळी ते सोप्यात बसून आईशी बोलत होते. पण आवाज असा की आतल्या खोलीत शब्द न् शब्द यावा.

“तांबडी आटवली तवा काय केलं आपण? धार पुरी काढायची न्हाई. कासंला जरा आराम पडंल एवढीच काढायची. मग एक वेळ सोडायची, मग एक दिस सोडायचा. सगळी मोकळी केली की कास परत भरती. जनावराला कळतं, मागणी हाय. आन् ऊन पाण्यानं शेकलं की पान्हा सुटतो, हे काय मी सांगाय पायजे? आटवताना गार ठेवायचं.” मग थोडं थांबून, “एक सड जरी तापलं, लाल दिसलं, अंगात कणकण वाटली, की डॉक्टर. दगडी झाली तर लई वंगाळ.” पुन्हा थांबले. “अक्काला सांग.”

मुलगी गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या वेळी. बापानं मला तांबडी गाय करून टाकलं होतं. आणि त्या घरात माझ्या दुखण्याबद्दल सरळ, कामाचं असं कुणी बोललं असेल तर तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धीर करून डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते जवळजवळ आप्पांचंच होतं, फक्त गाय नव्हती. छाती गच्च भरलेली राहिली की दूध तयार करणाऱ्या पेशींनाच थांबायचा इशारा मिळतो. रिकामी केली की पुन्हा कामाला लागतात. म्हणून पूर्ण काढायचं नाही. अगदी सहन होईना, तर ताण उतरेल एवढंच, हातानं, चार-दोन चमचे. शेक नाही, मालीश नाही, अंघोळीला कढत पाण्याची धार छातीवर घ्यायची नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. लुगड्याची पट्टी आत्ताच्या आत्ता सोडायची. त्याऐवजी नीट मापाची, आधार देणारी, तार नसलेली ब्रा, रात्रीसुद्धा. आवळल्यानं दूध लवकर जात नाही, नळ्या तुंबून गळू व्हायची भीती मात्र वाढते. दुखण्यावर पॅरासिटामॉल. आणि पाणी तोडायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण आत्यानं माझा तांब्या उचलून नेला होता. कमी प्यायल्यानं दूध आटत नाही, बाई आटते. लाल चट्टा वाढला, ताप आला, थंडी वाजली, तर फोन न करता थेट यायचं.

“गोळी नाही का?” मी विचारलं. गोळी असते, असं मला वॉर्डातल्या मावशींकडून कळलं होतं.

असते. कॅबरगोलीन. दूध यायच्या आत, बाळंतपणानंतर पहिल्या दिवसात एक मिलिग्रॅमची एकच मात्रा देतात. दूध आल्यावर थोडी थोडी, दोन दिवसांत विभागून. पण पहिल्या दिवशी माझी मुलगी होती आणि मी वाटीत चीक काढत होते. शिवाय माझं बीपी. ज्या बाईचं बीपी गरोदरपणात चढलेलं आहे तिला ही गोळी देत नाहीत. तिच्या आधी ब्रोमोक्रिप्टीन नावाची गोळी जगभर सर्रास दिली जायची. बाळंतिणींना झटके आणि पक्षाघात झाल्याच्या नोंदी आल्या, आणि १९९५ साली अमेरिकेनं दूध थांबवण्यासाठी असलेली तिची मान्यता काढून घेतली. मॅडम म्हणाल्या, “तुमच्या बाबतीत गोळीपेक्षा दिवस बरे. साधारण आठवड्याभरात दुखणं उतरेल. थेंब मात्र काही आठवडे येत राहतील, घाबरू नका.”

हे सगळं सांगायला त्यांना सहा मिनिटं लागली. मी फोनवर बघितलं होतं. सहा मिनिटं पाचव्या दिवशी, डिस्चार्जच्या टेबलाशी, मिळाली असती तर ती पट्टी माझ्या छातीवर आली नसती. कुठल्याही हॉस्पिटलात मूल गेलेल्या बाईला घरी सोडताना एवढं बोलायला नवं यंत्र लागत नाही. एक माणूस लागतो, जो नजर न चुकवता ‘दूध’ म्हणेल.

कोबीची पानंही ठेवली. फ्रिजमध्ये गार केलेली, मधली जाड शीर लाटण्यानं चेपून, ब्राच्या आत. कोबीनं गाठी विरघळतात, असं सांगणारे छातीठोक सांगतात. संशोधनात तितकं ठाम काही निघालेलं नाही. पण पान वाटीसारखं नेमकं बसतं आणि गार असतं, एवढं मला पुरेसं होतं. दोन तासांनी ते शिजल्यासारखं मऊ व्हायचं आणि खोलीभर भाजीचा वास. आई पानं बदलायची, मग त्याच कोबीचा उरलेला गड्डा संध्याकाळी चिरायची. तो आम्ही खाल्ला. दुःखाच्या घरातही भाजी लागतेच.

आजीचा उपाय वेगळा होता. ती नव्वदीच्या आसपासची, दिसायला कमी, ऐकायला कमी. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं वासावरून ओळखलं असावं. वैशाख होता, परसातला मोगरा भरात होता. आठव्या दिवशी तिनं नातसुनेकडून ओंजळभर कळ्या तोडून घेतल्या, स्वतः चाचपडत दोऱ्यात गुंफल्या आणि माझ्या खोलीत येऊन दार लावलं. दोन गजरे. मला वाटलं, माझ्या केसांत माळते की काय. मला रागच आला. तिनं ते माझ्या छातीवर ठेवले, वर मऊ फडकं घातलं आणि म्हणाली, “उद्या नवं करू.” बस्स. मग खाटेच्या कडेला बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “माझं तिसरं.” मी तिच्याकडं बघितलं. आजीला चार मुलं, असंच मी जन्मभर ऐकलेलं. “तवा बी मोगराच हुता. सासूनं बांधला.” पाचवं मूल, म्हणजे क्रमानं तिसरं, आमच्या घरात कुणाच्या मोजण्यात नव्हतं.

पुढं मी शोधलं तेव्हा कळलं की मोगऱ्याची गोष्ट नुसती आजीची नाही. दक्षिणेतही बायका फुलं बांधतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ साली त्याचा अभ्यास छापला: काही बाळंतिणींना ब्रोमोक्रिप्टीन, काहींच्या छातीवर मोगऱ्याच्या माळा. रक्तातलं प्रोलॅक्टिन गोळीनं जास्त उतरलं. पण छातीचा ताण, दूध, दुखण्यावरच्या गोळ्या या हिशेबात दोन्ही गटांत फरक पडला नाही. माझं दूध मोगऱ्यानं गेलं असं मी म्हणणार नाही. बर्फ होता, आप्पांची पद्धत होती, दिवस जात होते. पण त्या वासात पडून राहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्या छातीकडं बघतंय ते केवळ अडचण म्हणून नव्हे.

इथपर्यंतचं सांगणं सोपं आहे. आता जे सांगायचंय ते मी नवऱ्यालाही वर्षभर सांगितलं नव्हतं.

मला दूध थांबायला नको होतं.

आमच्या लहानपणी एका गाईचं वासरू मेलं. आजोबांनी त्याचं कातडं काढून आणलं, आत पेंढा भरला, शिवलं आणि ते गाईपुढं ठेवलं. गाय त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. मी सात-आठ वर्षांची असेन. मला ते इतकं भयंकर वाटायचं की मी गोठ्यात जायचंच सोडलं. गाईला कळत कसं नाही, असं मी आप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, “कळत असंल की.”

माझ्या फोनमध्ये चौदा सेकंदांचा व्हिडिओ आहे. एनआयसीयूत काचेबाहेरून नवऱ्यानं काढलेला. मुलगी एक हात वर करते आणि खाली सोडते. मागं मशीनचं पिप् पिप्. दिवसा मी गार पट्ट्या ठेवायचे, धार सोडायचे, सगळं मॅडमनी सांगितल्यासारखं. आणि रात्री दोन-अडीचला, एनआयसीयूची चीक नेण्याची वेळ व्हायची तेव्हा, उठून तो व्हिडिओ लावायचे. चौथ्या-पाचव्या वेळी छातीत मुंग्या यायच्या, आत काहीतरी सुटायचं, आणि मी वाटीत काढायचे. पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनला खरं-खोटं कळत नाही. तीन रात्री मी हे केलं. माझं पेंढ्याचं वासरू खिशात मावत होतं.

का, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगता येईल की तिला ओळखणारं दुसरं काही उरलं नव्हतं. कपडे शिवलेले नव्हते, नाव नव्हतं, पाळणा माळ्यावरून उतरवलेला नव्हता. नातेवाईक तिला ‘झालं ते’ म्हणत होते. माझं दूध तेवढं तिच्या मापाचं, तिच्या वेळेवर यायचं. ते गेलं की मी नुसती पोटावर वण असलेली बाई. लोक म्हणतात, शरीर किती क्रूर. मला ते क्रूर वाटलं नाही. घरात एवढी माणसं होती, आणि तिची वाट बघणारी आम्ही दोघंच, मी आणि माझं शरीर.

काढलेलं दूध मोरीत ओतवेना. आजीचं लहानपणापासून ऐकलेलं: अंगावरचं दूध पायदळी येऊ देऊ नये, झाडाच्या मुळाशी घालावं. मी अंधारात परसात जाऊन मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतायचे. चौथ्या रात्री दार उघडलं तर आई पायरीवर बसलेली. तिनं वाटी बघितली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, “उद्या जरा कमी काढ. परवा त्याहून कमी.” मग सरकून मला जागा दिली. आम्ही तिथं बसलो. तांबडीच्या धारेचा हिशोब तिला आप्पांपेक्षा जास्त ठाऊक होता. धार काढायची ती.

मी कमी काढत गेले. व्हिडिओ बंद केला नाही, पण तो दिवसा बघायला लागले, आईबरोबर, एकदा आप्पांनाही दाखवला. पंधराव्या दिवसापर्यंत गाठी विरल्या. छाती मऊ पडली, हात खाली सुटायला लागले. त्या दिवशी मी पालथी झोपले नाही, टाके होते, पण झोपता आलं असतं.

मुंबईत सायनच्या महापालिकेच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. आईच्या रक्ताच्या तपासण्या करून दूध घेतात, ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवून निर्जंतुक करतात, गोठवतात, आणि ज्यांच्या आईला अजून दूध आलेलं नाही अशा, बहुतेक वेळा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. अकराशे ग्रॅमच्या बाळांना. मूल गेलेल्या आयाही तिथं दूध देऊ शकतात, आणि देतात. हे मला दूध संपल्यावर दोन महिन्यांनी कळलं. कळलं असतं तर मी दिलं असतं? कधी वाटतं नक्की दिलं असतं. कधी वाटतं, मोगऱ्यालाच घातलं असतं. दान केल्यानं दुःखाचं सोनं होतं वगैरे मला पटत नाही. कुणाला लगेच थांबवावंसं वाटतं, कुणाला महिनाभर काढत राहावंसं, कुणाला एखादी बाटली फ्रीजरमध्ये जपावीशी. यातलं काहीच वेडेपणाचं नाही. फक्त रस्ते इतके आहेत हे वेळेत कळायला हवं.

रजेचं थोडक्यात, कारण एका मैत्रिणीनं विचारलं होतं. माझ्या कार्यालयातल्या क्लार्कचं म्हणणं, बाळ नाही तर बाळंतपणाची रजा कशी? तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येतच मृत जन्मलेलं मूलही धरलेलं होतं. रजा बाळंत झालेल्या बाईची असते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी तर जन्मानंतर लगेच बाळ गेलं तर साठ दिवसांच्या खास रजेचा आदेश २०२२ साली निघाला. क्लार्कला मी कागद नेऊन दिला. त्यानं तो वाचला, चष्मा पुसला, काही बोलला नाही. रजा लागली.

नवव्या की दहाव्या दिवशी चुलत वहिनी भेटायला आली होती. तिचं बाळ चार महिन्यांचं. घरी ठेवून येता येत नव्हतं म्हणून घेऊन आली. खोलीत शिरताना तिनं पदर पुढं ओढून बाळाचं डोकं, तोंड, सगळं झाकलं. नजर लागू नये म्हणून. तिला दोष देत नाही, तिला तसंच शिकवलं असणार. पण पदराखाली ते बाळ कुरकुरलं आणि माझी छाती लगेच ओली झाली. वहिनीनंही ते बघितलं. ती पाच मिनिटांत उठली.

सहाव्या आठवड्यात पुण्याला परत निघाले. आप्पा स्टँडवर सोडायला आले आणि स्वारगेटची गाडी यायला वेळ होता म्हणून पेपर आणायला गेले. बाकावर शेजारी कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. मला वाटलं होतं आता ते संपलं. नव्हतं. पदर, ब्लाउज, दोन गोल डाग. ओढणी नव्हती. समोर भिंतीवर पाटी: हिरकणी कक्ष.

शाळेत शिकवलेली हिरकणी. कोजागिरीला रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. कडा उतरून गेल्यावर घरात बाळ नसेल तर काय, असा प्रश्न त्या गोष्टीत येत नाही. मी बॅग उचलली आणि आत गेले.

लहानशी खोली. दोन खुर्च्या, एक टेबल फॅन. एका खुर्चीत एक बाई बाळाला घेऊन बसलेली, माझ्याहून लहान, हातात हिरवा चुडा. मी दाराशी थांबले. तिनं माझ्या ब्लाउजकडं बघितलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडं.

“बाळ बाहेर हाय व्हय?”

“नाही,” मी म्हटलं. आणि मग, का कोण जाणे, “दोन दिवसांची होती.”

ती काही म्हणाली नाही. पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडं सरकवली. पिशवीतून धुतलेलं दुपटं काढलं, माझ्यापुढं धरलं. मी ते घेऊन छातीशी दाबलं आणि बसले. तिचं बाळ पीत होतं, मध्येच थांबून वर बघत होतं, पुन्हा पीत होतं. मी बघत होते. बाहेर कंडक्टर सातारा, स्वारगेट ओरडायला लागला. तिनं पदर पुढं ओढला नाही.